चेतासंस्थेची शारीरिक तपासणी

चेतासंस्थेची शारीरिक तपासणी म्हणजे मेंदू, मेरुरज्जू, चेता आणि स्नायू यांचे कार्य कसे चालले आहे, हे रुग्णाची चाल, प्रतिक्षिप्त क्रिया, स्नायूंचे बळ व संवेदना यांवरून ठरवण्याची वैद्यकीय पद्धत होय. वैद्यकीय व्यवहारात तिला न्यूरोलॉजिकल तपासणी असे म्हणतात. संपूर्ण तपासणीत रुग्णाची शुद्ध, स्मरणशक्ती, वाचा, मेंदूतून निघणाऱ्या चेतांच्या १२ जोड्या, स्नायूंचा ताण आणि बळ यांचाही समावेश होतो. प्रस्तुत लेखात तिच्या चाल, प्रतिक्षिप्त क्रिया व संवेदना या तीन अंगांचा परिचय करून दिला आहे.

या तपासणीचा पहिला प्रश्न ‘रोग कोणता?’ हा नसून ‘बिघाड कोठे आहे?’ हा असतो. ‘पाय लटपटतात’ ही एकच तक्रार मेंदूतील रक्तस्रावामुळे, पाठीच्या मणक्याच्या क्षयामुळे, मधुमेहाने चेता क्षीण झाल्यामुळे किंवा स्नायूंच्या आजारामुळे उद्भवू शकते. या सर्वांचे उपचार निरनिराळे आहेत. काहींत तर काही तासांच्या विलंबाने कायमचे अपंगत्व येते. बिघाडाची जागा निश्चित झाली की संभाव्य कारणांची यादी लहान होते आणि पुढील चाचण्या शरीराच्या नेमक्या कोणत्या भागाच्या करायच्या हे ठरते.

इतिहास

प्रतिक्षिप्त क्रियेची शास्त्रीय कल्पना इंग्लंडमधील वैद्य मार्शल हॉल यांनी १८३३ साली मांडली. मेरुरज्जूला पोहोचलेली संवेदना मेंदूच्या इच्छेवाचून स्नायूंची हालचाल घडवू शकते, हे त्यांनी दाखवून दिले. त्यानंतर सुमारे चार दशकांनी, १८७५ साली, जर्मनीतील विल्हेल्म एर्ब आणि कार्ल वेस्टफाल यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे गुडघ्याच्या प्रतिक्षिप्त क्रियेचे वर्णन प्रसिद्ध केले. तोपर्यंत वैद्यांजवळ जी छोटी हातोडी असे ती छातीवर ठोके देऊन आवाज ऐकण्यासाठी होती. प्रतिक्षिप्त क्रिया तपासण्यासाठी खास बनवलेली त्रिकोणी रबरी डोक्याची हातोडी अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथील जॉन मॅडिसन टेलर यांनी १८८८ साली प्रचारात आणली. ती आजही वापरात आहे.

बर्लिनचे मॉरिट्झ रोमबर्ग यांनी १८४०च्या दशकात, डोळे मिटताच तोल जाणाऱ्या रुग्णांचे वर्णन केले. पॅरिसमधील जोसेफ बाबिन्स्की यांनी १८९६ साली तळपायाच्या प्रतिक्षिप्त क्रियेसंबंधी एक अतिशय छोटे टिपण वाचले. त्यातील चिन्ह पुढे त्यांच्याच नावाने ओळखले जाऊ लागले. मॉरिशसमध्ये जन्मलेले शार्ल-एदुआर ब्राऊन-सेकार यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मेरुरज्जूच्या अर्ध्या बाजूला झालेल्या इजेचे परिणाम अभ्यासले आणि काही संवेदना मेरुरज्जूतच बाजू बदलतात हे स्पष्ट केले. लंडनचे हेन्री हेड यांनी कॅम्पबेल यांच्यासह १९०० साली नागीण या आजाराचा अभ्यास केला. नागिणीचे फोड शरीरावर ठरावीक पट्ट्यातच उठतात, यावरून कोणत्या चेतामुळाकडे त्वचेचा कोणता पट्टा असतो याचा नकाशा तयार होण्यास मोठी मदत झाली. याच हेड यांनी १९०३ साली स्वतःच्या डाव्या हाताची एक संवेदी चेता कापवून घेतली आणि संवेदना कोणत्या क्रमाने परत येतात याचा कित्येक वर्षे अभ्यास केला.

चार्ल्स शेरिंग्टन यांनी १९०६ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात सुट्या प्रतिक्षिप्त क्रियांचे एकत्रित कार्य कसे चालते याचे विवेचन केले. त्यांना १९३२ साली एडगर एड्रियन यांच्याबरोबर नोबेल पारितोषिक मिळाले.

शास्त्रीय आधार

हालचालीची आज्ञा दोन टप्प्यांत स्नायूपर्यंत पोहोचते. पहिल्या टप्प्यातील चेतापेशी प्रमस्तिष्काच्या पृष्ठभागात असतात. त्यांचे तंतू खाली उतरताना बहुतांशी मस्तिष्कपुच्छात बाजू बदलतात. म्हणूनच मेंदूच्या डाव्या भागातील इजेने शरीराची उजवी बाजू लुळी पडते. दुसऱ्या टप्प्यातील चेतापेशी मेरुरज्जूत असून त्यांचे तंतू थेट स्नायूला जाऊन मिळतात. पहिल्या टप्प्यातील चेतापेशींना वरच्या आणि दुसऱ्या टप्प्यातील चेतापेशींना खालच्या प्रेरक चेतापेशी म्हणतात.

या दोहोंतील भेद हा तपासणीचा कणा आहे. खालच्या प्रेरक चेतापेशींना इजा झाल्यास स्नायू सैल पडतात, कृश होतात आणि प्रतिक्षिप्त क्रिया मंदावते किंवा नाहीशी होते. वरच्या प्रेरक चेतापेशींना इजा झाल्यास मेरुरज्जूवरील मेंदूचे नियंत्रण सुटते. कालांतराने स्नायू ताठर होतात व प्रतिक्षिप्त क्रिया अधिक जोरकस होतात. अशक्तपणा दोन्हीकडे असतो, परंतु हातोडीच्या एका ठोक्याने दोन्हींतील फरक दिसू शकतो.

संवेदनांचेही दोन मुख्य मार्ग आहेत. वेदना आणि उष्ण-शीत यांची संवेदना वाहून नेणारे तंतू मेरुरज्जूत शिरल्यावर थोड्याच अंतरात विरुद्ध बाजूस जातात आणि तेथून वर चढतात. कंप, सांध्यांची स्थिती आणि सूक्ष्म स्पर्श यांची संवेदना मात्र मेरुरज्जूच्या मागच्या स्तंभांतून त्याच बाजूने वर जाते व मस्तिष्कपुच्छात पोहोचल्यावर बाजू बदलते. मेरुरज्जूची उजवी अर्धी बाजू दुखावली असता त्या पातळीखाली उजव्या पायाचे बळ व कंपसंवेदना जाते, तर टाचणीची टोच डाव्या पायाला कळेनाशी होते. हे चित्र वरकरणी विसंगत वाटले, तरी तंतूंचा मार्ग ठाऊक असणाऱ्यास ते एकाच जागेकडे बोट दाखवते.

मेरुरज्जूतून चेतांच्या ३१ जोड्या निघतात: मानेत ८, छातीच्या भागात १२, कमरेत ५, त्रिकास्थीच्या भागात ५ आणि पुच्छभागात १. प्रत्येक जोडीकडे ठरावीक स्नायू आणि त्वचेचा ठरावीक पट्टा सोपवलेला असतो.

पूर्वतयारी आणि साधने

या तपासणीस लागणारी साधने साधी व स्वस्त आहेत: रबरी डोक्याची हातोडी, १२८ हर्ट्‌झ कंप्रतेचा नादकाटा, कापसाचा बोळा, एकदाच वापरून टाकून द्यायची टाचणी, गरम व थंड पाण्याच्या दोन परीक्षानळ्या आणि नायलॉनचा प्रमाणित तंतू. रुग्ण निवांत असावा, खोलीत पुरेसा उजेड असावा आणि पाय गुडघ्याच्या वरपर्यंत उघडे असावेत. प्रत्येक चाचणी आधी समजावून सांगितली जाते आणि उजवी-डावी बाजू लागोपाठ तपासून तुलना केली जाते. एका बाजूच्या निष्कर्षापेक्षा दोन बाजूंमधील फरकाला अधिक महत्त्व असते.

चालीची तपासणी

चालीचे निरीक्षण रुग्ण दारातून आत येतो तेव्हाच सुरू होते. चालताना प्रत्येक पाय एका आवर्तनाचा सुमारे ६० टक्के काळ जमिनीवर टेकलेला आणि सुमारे ४० टक्के काळ हवेत असतो. या लयीसाठी स्नायूंचे बळ, सांध्यांच्या स्थितीचे ज्ञान, अनुमस्तिष्काने साधलेला मेळ, कानातील तोल राखणारे इंद्रिय आणि दृष्टी ही सर्व एकाच वेळी कामास यावी लागतात. त्यामुळे यांतील कशातही उणेपणा आला तरी तो चालीत उमटतो.

तपासणीत रुग्णाला काही पावले सरळ चालून मागे वळण्यास, टाचांवर व चवड्यांवर चालण्यास आणि एका पायाची टाच दुसऱ्या पायाच्या बोटांना चिकटवत एका रेषेत चालण्यास सांगतात. तोल जाण्याची शक्यता असल्याने परीक्षक रुग्णाच्या शेजारीच चालतो. विकृत चालीचे मुख्य प्रकार पुढीलप्रमाणे आहेत.

अर्धांगवायूची चाल: एक पाय ताठ असल्याने तो गुडघ्यात न वाकता बाहेरून अर्धवर्तुळ काढीत पुढे येतो. त्याच बाजूचा हात कोपरात दुमडलेला राहतो.

कात्रीसारखी चाल: दोन्ही पाय ताठर असून मांड्या एकमेकींवर येतात. मेरुरज्जूवर दाब आल्यास किंवा जन्माच्या सुमारास मेंदूला इजा झालेल्या मुलांत ही चाल आढळते. लाखोळी डाळ दीर्घकाळ व मुख्य अन्न म्हणून खाल्ल्याने होणाऱ्या पंगुत्वातही पाय असेच ताठर होतात. दुष्काळात इतर धान्य मिळेनासे झाल्यावर मध्य भारतातील गरीब कुटुंबांवर ही वेळ येत असे.

पाऊल लोंबणारी चाल: घोटा वर उचलता येत नसल्याने रुग्ण गुडघा उंच उचलून चालतो आणि पाऊल ‘फट’ असा आवाज करीत जमिनीवर आपटते. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूने जाणारी चेता दाबली गेल्यास, तसेच कुष्ठरोग वा कमरेच्या मणक्यांतील चकती सरकल्यास असे होते.

अनुमस्तिष्काची चाल: पाय फाकलेले, पावले असमान आणि दिशा सतत बदलती असते. मद्याच्या अमलाखाली चालणाऱ्या माणसाशी तिचे साम्य असते. अशी चाल काही कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या आढळते. मुंबईचे चेतारोगतज्ज्ञ नोशीर वाडिया यांनी स्वामी यांच्यासह १९७१ साली, अशा चालीबरोबरच डोळ्यांची हालचाल मंदावलेली असणाऱ्या भारतीय कुटुंबांचे वर्णन प्रसिद्ध केले. आनुवंशिक चेतारोगांच्या अभ्यासात ते महत्त्वाचे मानले जाते.

संवेदनालोपाची चाल: पाय कोठे आहेत हे न पाहता कळत नसल्याने रुग्ण जमिनीकडे नजर लावून, पावले जोराने आपटत चालतो. अंधारात त्याची चाल अधिकच बिघडते.

पार्किन्सनची चाल: शरीर पुढे झुकलेले, पावले आखूड व घसटती, हातांचे झुलणे कमी आणि वळताना अनेक लहान पावले टाकावी लागणे ही तिची लक्षणे होत. जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली आपल्या निबंधात रुग्ण पुढे धावू लागल्यासारखा कसा चालतो याचे वर्णन केले होते.

बदकासारखी चाल: कंबरेभोवतीचे स्नायू दुर्बळ असल्याने प्रत्येक पावलागणिक धड डोलते. स्नायूंच्या आनुवंशिक आजारांत ही चाल दिसते. अशी मुले जमिनीवरून उठताना हातांनी स्वतःच्याच मांड्यांवर चढत गेल्यासारखी उठतात. हे चिन्ह ब्रिटिश वैद्य विल्यम गावर्स यांच्या नावाने ओळखले जाते.

भारतीय जीवनपद्धतीतील काही प्रश्न चालीच्या तपासणीस पूरक ठरतात. चप्पल पायातून निसटते का, आणि निसटल्याचे रुग्णाला कळते का, हे आवर्जून विचारले जाते. निसटल्याचे कळत असूनही ती पायात धरून ठेवता येत नसेल तर पावलाच्या स्नायूंचे बळ कमी झालेले असते; चप्पल मागे राहिल्याचे कळतच नसेल तर संवेदना हरपलेली असते. उकिडवे बसल्यावर उठता न येणे हे मांडी व कंबरेच्या स्नायूंच्या दुर्बलतेचे, तर तोंड धुताना डोळे मिटताच तोल जाणे हे सांध्यांची स्थिती न कळण्याचे सूचक आहे.

रोमबर्ग यांची चाचणी याच तत्त्वावर आधारलेली आहे. रुग्ण पाय जुळवून उभा राहतो व नंतर डोळे मिटतो. डोळे उघडे असताना स्थिर असलेला रुग्ण डोळे मिटताच डोलू किंवा कोसळू लागला, तर सांध्यांच्या स्थितीची संवेदना अथवा कानातील तोलाचे इंद्रिय सदोष असण्याची शक्यता असते. डोळे उघडे असतानाही उभे राहता येत नसेल तर अनुमस्तिष्काकडे लक्ष द्यावे लागते.

प्रतिक्षिप्त क्रियांची तपासणी

गुडघ्याच्या वाटीखालील कंडरेवर हातोडीचा हलका ठोका दिला असता मांडीचा पुढचा स्नायू क्षणभर ताणला जातो. स्नायूतील संवेदी चेतापेशी ही वार्ता मेरुरज्जूला देते. तेथे ती थेट प्रेरक चेतापेशीला मिळते. मध्ये दुसरी चेतापेशी नसते. परिणामी मांडीचा स्नायू आकुंचन पावतो आणि पाय झटकन पुढे येतो. हे सर्व मेंदूला विचारल्यावाचून, सेकंदाच्या लहानशा अंशात घडते. या साखळीतील संवेदी चेता, मेरुरज्जूचा तो खंड, प्रेरक चेता किंवा स्नायू यांपैकी काहीही तुटले की प्रतिसाद मिळत नाही.

नेहमी तपासल्या जाणाऱ्या क्रिया आणि त्यांची चेतामुळे अशी आहेत: दंडाच्या पुढच्या स्नायूची क्रिया मानेच्या ५ व्या व ६ व्या, दंडाच्या मागच्या स्नायूची मुख्यतः मानेच्या ७ व्या, गुडघ्याची कमरेच्या ३ ऱ्या व ४ थ्या आणि टाचेची त्रिकास्थीच्या १ ल्या चेतामुळाशी संबंधित असते. म्हणून कमरेतून पायात कळ जाणाऱ्या रुग्णाच्या एकाच टाचेची क्रिया नाहीशी झाली असेल, तर त्या बाजूच्या त्रिकास्थीच्या पहिल्या चेतामुळावर दाब असल्याचा संशय येतो.

प्रतिसादाची नोंद ० ते ४ या श्रेणीत करतात. ० म्हणजे प्रतिसाद नाही, १ म्हणजे मंद, २ म्हणजे सामान्य, ३ म्हणजे जोरकस आणि ४ म्हणजे इतका तीव्र की एका ताणाने पाऊल पुनःपुन्हा थरथरत राहते. प्रतिसाद दिसत नसेल तर रुग्णाला दोन्ही हातांची बोटे एकमेकांत अडकवून जोराने ओढण्यास सांगतात व त्याच क्षणी ठोका देतात. हंगेरीतील एर्नो येन्द्रासिक यांनी सुचवलेल्या या युक्तीने दबलेली क्रिया प्रकट होते. अवटू ग्रंथीचे कार्य मंदावले असता टाचेच्या क्रियेत पाऊल खाली झटकते, परंतु मूळ स्थितीत येण्यास लक्षणीय वेळ घेते.

तळपायाची प्रतिक्षिप्त क्रिया वेगळ्या प्रकारची आहे. बोथट टोकाच्या वस्तूने टाचेपासून तळपायाच्या बाहेरच्या कडेने वर जात चवड्यावरून अंगठ्याच्या दिशेने रेघ ओढतात. निरोगी प्रौढाचा अंगठा खाली वळतो. तो वर उचलला गेला आणि इतर बोटे पंख्यासारखी पसरली, तर त्यास बाबिन्स्की चिन्ह म्हणतात. ते वरच्या प्रेरक चेतापेशींच्या मार्गातील बिघाडाचे द्योतक आहे. तान्ह्या मुलांमध्ये हा मार्ग पूर्ण विकसित झालेला नसल्याने त्यांचा अंगठा वर जाणे स्वाभाविक असते. साधारणपणे मूल चालू लागते त्या सुमारास प्रतिसाद प्रौढांसारखा होतो.

संवेदनांची तपासणी

हा तपासणीचा सर्वांत वेळखाऊ भाग असून तो रुग्णाच्या सहकार्यावर अवलंबून असतो. रुग्ण डोळे मिटून असतो आणि परीक्षक सूचक प्रश्न टाळतो. ‘टोचतंय ना?’ असे विचारण्याऐवजी ‘काय जाणवतंय ते सांगा’ असे विचारणे योग्य ठरते.

वेदनेसाठी टाचणीचे टोकदार व बोथट टोक आलटून-पालटून लावतात. उष्ण-शीत संवेदनेसाठी पाण्याच्या परीक्षानळ्या, तर स्पर्शासाठी कापूस वापरतात. कंपसंवेदनेसाठी नादकाटा वाजवून त्याची दांडी पायाच्या अंगठ्याच्या हाडावर टेकवतात. कंप जाणवत नसल्यास घोटा, गुडघा असे वर सरकत जातात. सांध्याच्या स्थितीसाठी अंगठा दोन्ही कडांनी धरून किंचित हलवतात व ‘बोट वर गेलं की खाली?’ असे विचारतात. पुढील टप्प्यात, रुग्णाच्या हातात नाणे किंवा किल्ली देऊन डोळे मिटलेले असताना ती ओळखण्यास सांगतात. स्पर्श शाबूत असूनही वस्तू ओळखता येत नसेल तर प्रमस्तिष्कातील बिघाडाचा विचार करावा लागतो.

संवेदनालोपाच्या विस्तारावरून बिघाडाची जागा ठरते. दोन्ही पायांत मोजे व हातांत हातमोजे घातल्यासारख्या भागातील लोप हा लांब चेतांच्या आजारात, विशेषतः मधुमेहात दिसतो. धडावर एका आडव्या रेषेखाली सर्व संवेदना कमी असतील तर बिघाड मेरुरज्जूत असतो. या रेषेची पातळी सांगणाऱ्या खुणा प्रसिद्ध आहेत: स्तनाग्राची पातळी छातीच्या ४ थ्या आणि बेंबीची पातळी छातीच्या १० व्या चेतेची असते. हाताचा अंगठा मानेच्या ६ व्या, मधले बोट ७ व्या आणि करंगळी ८ व्या चेतेच्या कक्षेत येते. चेहऱ्यासह शरीराच्या एका बाजूची संवेदना गेली असेल तर बहुधा मेंदूत बिघाड असतो.

संवेदना हरपण्याचा खरा धोका हा की तो दुखत नाही. तळपायात खडा रुतला, चप्पलेने घासून फोड आला किंवा तापलेल्या भांड्याचा चटका बसला तरी रुग्णाला कळत नाही. तो त्याच पायावर चालत राहतो आणि जखम हाडापर्यंत जाते. तमिळनाडूतील वेल्लोर येथे १९४६ पासून काम करणारे शल्यचिकित्सक पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले, की कुष्ठरुग्णांची बोटे रोगाने आपोआप गळून पडत नाहीत. वेदना न कळल्याने वारंवार झालेल्या इजांमुळे ती झिजतात. म्हणूनच कुष्ठरोगात फिकट किंवा लालसर चट्ट्यावरील संवेदना तपासणे निदानासाठी, तर तळहात व तळपायाची संवेदना ठरावीक काळाने तपासणे अपंगत्व टाळण्यासाठी आवश्यक असते. या रोगात त्वचेजवळच्या चेता आधी बाधित होत असल्याने, संवेदना गेलेली असूनही टाचेची प्रतिक्षिप्त क्रिया पुष्कळदा शाबूत राहते. मधुमेही रुग्णात मात्र ती बहुधा लवकर जाते.

मधुमेहात वापरला जाणारा नायलॉनचा तंतू १० ग्रॅम भार पडताच वाकेल असा बनवलेला असतो. तळपायाच्या ठरावीक जागी तो वाकेपर्यंत टेकवतात. स्पर्श न कळणाऱ्या रुग्णाच्या पायास पुढे व्रण होण्याचा धोका अधिक असल्याने त्याने अनवाणी चालू नये, पाय रोज न्याहाळावेत आणि मऊ तळाची पादत्राणे वापरावीत, असा सल्ला देतात.

निष्कर्षांची सांगड

एकटे चिन्ह क्वचितच पुरेसे असते. तिन्ही अंगांचे निष्कर्ष एकत्र मांडल्यावर अर्थ लागतो.

काही दिवसांत पायांपासून वर चढत जाणारी दुर्बलता आणि त्याबरोबर सर्व प्रतिक्षिप्त क्रियांचा लोप हे गियाँ-बारे आजाराचे वैशिष्ट्य आहे. गियाँ, बारे व स्त्रोल यांनी १९१६ साली त्याचे वर्णन केले. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात, विशेषतः सिंहगड रस्ता परिसरात, या आजाराचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळले आणि दूषित पाण्याशी त्याचा संबंध जोडण्यात आला. या आजारात श्वसनाचे स्नायूही निकामी होऊ शकतात. त्यामुळे पायांत मुंग्या व अशक्तपणा घेऊन आलेल्या रुग्णाच्या प्रतिक्षिप्त क्रिया नाहीशा झालेल्या दिसल्यास त्याला घरी न पाठवता रुग्णालयात देखरेखीखाली ठेवतात.

पायांचा ताठरपणा, जोरकस प्रतिक्षिप्त क्रिया, दोन्ही बाजूंस बाबिन्स्की चिन्ह आणि बेंबीच्या पातळीपासून खाली संवेदनालोप असे चित्र असेल तर मेरुरज्जूवर छातीच्या भागात दाब आहे असे समजते. रुग्णाला कमरेखाली त्रास होत असला तरी कमरेचे चित्रण करून उपयोग होत नाही. पाठीच्या वरच्या भागाचे करावे लागते. भारतात मणक्याचा क्षय हे अशा दाबाचे एक नेहमीचे कारण असून वेळीच उपचार झाल्यास पुष्कळ रुग्ण पुन्हा चालू लागतात.

ब-१२ जीवनसत्त्वाच्या कमतरतेत मेरुरज्जू आणि बाहेरच्या चेता दोन्ही बाधित होतात. अशा रुग्णाच्या टाचेची प्रतिक्षिप्त क्रिया गेलेली असते, तरीही बाबिन्स्की चिन्ह आढळते आणि पायांतील कंपसंवेदना हरपलेली असते. हे जीवनसत्त्व प्राणिज पदार्थांतूनच मिळत असल्याने, काटेकोर शाकाहारी आणि दूधही अल्प घेणाऱ्या व्यक्तींत ही कमतरता संभवते. लवकर ओळखल्यास ती भरून काढता येते. उशीर झाल्यास चेतांची हानी पूर्णपणे सुधारत नाही.

कंबरदुखीच्या रुग्णाला लघवी होईनाशी झाली आणि गुदद्वाराभोवतीच्या, म्हणजे खोगिरावर टेकणाऱ्या भागाची संवेदना कमी झाली, तर मेरुरज्जूखालील चेतांच्या जुडग्यावर दाब आलेला असू शकतो. ही तातडीच्या शस्त्रक्रियेची स्थिती असून, संकोचामुळे हा भाग न तपासल्यास ती निसटून जाते.

मर्यादा

वयोमानाने टाचेची प्रतिक्षिप्त क्रिया आणि पायाच्या बोटांतील कंपसंवेदना कमी होते. ज्येष्ठांमध्ये एवढ्यावरून रोगाचे निदान करता येत नाही. चिंताग्रस्त निरोगी व्यक्तीच्या क्रिया जोरकस असू शकतात. त्या दोन्ही बाजूंस सारख्या असून बाबिन्स्की चिन्ह नसेल तर त्यांस सहसा महत्त्व देत नाहीत. मेरुरज्जूला एकाएकी मोठी इजा झाल्यावर आरंभी काही दिवस ते आठवडे प्रतिक्षिप्त क्रिया पूर्ण मावळतात आणि खालच्या प्रेरक चेतापेशींच्या आजाराचा भास होतो. संवेदनांची उत्तरे रुग्णाचा थकवा, भाषा व समज यांवर अवलंबून असतात, आणि दोन परीक्षकांच्या श्रेणींतही थोडा फरक पडतो.

सीटी आणि एमआरआय यांमुळे मेंदू व मेरुरज्जूची रचना स्पष्ट दिसू लागली असली, तरी वयस्क माणसांच्या मणक्यांच्या चित्रणात कोणताही त्रास न देणारे बदलही पुष्कळ दिसतात. त्यांपैकी रुग्णाच्या तक्रारीस जबाबदार कोणता, हे प्रत्यक्ष तपासणीशी ताडून पाहिल्यावरच सांगता येते. जेथे अशी यंत्रे उपलब्ध नाहीत, तेथे रुग्णाला मोठ्या रुग्णालयात केव्हा आणि किती तातडीने पाठवायचे याचा निर्णय याच तपासणीवर घेतला जातो. निष्कर्ष दिनांकासह लिहून ठेवल्यास पुढील भेटीत त्यांची तुलना करता येते आणि आजार वाढतो आहे, स्थिर आहे की उताराला लागला आहे, हे समजते.